गोरोबाकाकांचे थापटणे आणि जिल्ह्याची वृत्तविद्या

पदवी परीक्षांचे निकाल लागले की धाराशिव जिल्ह्यातील अनेक घरांत एक संवाद हमखास घडतो. मुलाने किंवा मुलीने कला शाखेची पदवी घेतलेली असते, महाविद्यालयाच्या वार्षिकांकात दोन-चार लेख छापून आलेले असतात, वक्तृत्व स्पर्धेतील ढाली कपाटावर मांडलेल्या असतात आणि पत्रकार व्हायचे असे मनाने घेतलेले असते. वडील विचारतात, ‘‘त्याचे शिक्षण मिळते कुठे?’’ उत्तर ठरलेले असते - ‘‘पुण्याला.’’ मग खोलीचे भाडे, खाणावळ, शुल्क यांचा हिशोब मांडला जातो. सोयाबीनचे पैसे हाती आले असतील, तर मुलाच्या बाबतीत तो हिशोब कसाबसा जुळवला जातो. मुलीच्या बाबतीत तो बहुधा जुळवलाच जात नाही. ती स्पर्धा परीक्षेचा अर्ज भरते आणि वर्ष-दोन वर्षांत तिचे लग्न ठरते.

जो पुण्याला जातो, तो सहसा परत येत नाही. जो जिल्ह्यात राहतो, तो कोणतेही शिक्षण न घेता एखाद्या दैनिकाचा तालुका प्रतिनिधी होतो. शिकलेला जिल्ह्याबाहेर आणि न शिकलेला जिल्ह्यात, अशी ही विभागणी वर्षानुवर्षे चालू आहे. तिचे परिणाम केवळ त्या दोन तरुणांना नव्हे, तर संपूर्ण जिल्ह्याला भोगावे लागतात. म्हणूनच लहान विद्यापीठात, लहान गावात वृत्तविद्येचे शिक्षण असावे की नसावे, हा प्रश्न शैक्षणिक सोयीचा नाही. तो समाजाच्या स्वतःला जाणून घेण्याच्या क्षमतेचा आहे.

निजामाच्या छायेतील मराठी लेखणी

या प्रश्नाला मराठवाड्यात एक विशेष ऐतिहासिक संदर्भ आहे. मुंबई इलाख्यात बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी ‘दर्पण’ सुरू केले. १८८१ साली ‘केसरी’ निघाला. पुणे-मुंबईच्या मराठी माणसाला आपल्या भाषेतील वृत्तपत्राची सवय लागत होती, तेव्हा मराठवाडा निजामी राजवटीखाली होता. सातवा निजाम मीर उस्मान अली खान याने १९१८ साली हैदराबादेत स्थापन केलेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू होते. भारतीय भाषेतून उच्च शिक्षण देणारे विद्यापीठ म्हणून त्याचे कौतुक होते. परंतु संस्थानातील मराठी, तेलुगू आणि कन्नड भाषक बहुसंख्य प्रजेच्या वाट्याला ते कौतुक आले नाही. ज्या भाषेत घरी बोलायचे, त्या भाषेत शिकायचे नाही आणि ज्या भाषेत राज्य चालते, ती आईला समजत नाही, अशी ती अवस्था होती.

अशा काळात आ. कृ. वाघमारे यांनी ‘मराठवाडा’ हे साप्ताहिक सुरू केले. निजाम सरकारने त्यावर बंदी घालावी आणि वाघमारे यांनी नवे नाव धारण करून तोच अंक पुन्हा काढावा, असा तो झगडा होता. ‘मराठवाडा’ या नावाशी पुढे अनंत भालेराव यांचे नाव जोडले गेले ते कायमचे. हैदराबाद मुक्तिसंग्रामात लढलेला हा संपादक स्वतंत्र भारतात आणीबाणीच्या काळातही तुरुंगात गेला. निजामाचा तुरुंग काय आणि स्वकीयांचा तुरुंग काय, लेखणीची किंमत मोजण्याची तयारी त्यांनी ठेवली होती.

या पिढीने वृत्तविद्येची पदवी घेतलेली नव्हती. त्यांचे विद्यापीठ मुक्तिसंग्राम हेच होते. ‘पत्रकारिता काय वर्गात बसून शिकता येते?’ हा आक्षेप घेणारे याच उदाहरणाकडे बोट दाखवतात. परंतु तो युक्तिवाद अर्धाच आहे. त्या पिढीसमोर शत्रू स्पष्ट होता आणि लढा उघड होता. आजच्या बातमीदारासमोर निजामाचे फर्मान नाही. त्याच्यासमोर शासन निर्णय आहेत, विमा कंपन्यांचे करारनामे आहेत, निविदा आहेत, न्यायालयाचे निकाल आहेत आणि हातातील भ्रमणध्वनीवर मिनिटागणिक येऊन पडणारी खरी-खोटी चित्रे आहेत. येथे केवळ धैर्य पुरत नाही. वाचता यावे लागते.

बातमी दारात, पण वाचणार कोण?

धाराशिव जिल्ह्यातील तीन अलीकडच्या घटना पाहिल्या, तरी हे स्पष्ट होते.

पहिली घटना पीकविम्याची. २०२० च्या खरिपात अतिवृष्टीने सोयाबीन पाण्यात गेले. प्रधानमंत्री पीकविमा योजनेत नुकसानीची पूर्वसूचना ७२ तासांच्या आत देण्याची अट आहे. ती मुदतीत दिली नाही, हे कारण पुढे करून जिल्ह्यातील बहुसंख्य विमाधारक शेतकर्‍यांना भरपाई नाकारली गेली. शेतकर्‍यांना उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली. २०२२ साली न्यायालयाने शेतकर्‍यांची बाजू उचलून धरली आणि पुढे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. वृत्तपत्रांनी निकालाची बातमी ठळक छापली, हे योग्यच झाले. परंतु ती ७२ तासांची अट, पूर्वसूचना देण्याची पद्धत, पंचनाम्याची प्रत मागण्याचा अधिकार या गोष्टी पाऊस पडण्यापूर्वी गावोगाव समजावून सांगणारी बातमी अधिक मोलाची ठरली असती. ती लिहिण्यासाठी योजनेच्या मार्गदर्शक सूचना मुळातून वाचणारा बातमीदार हवा. असा बातमीदार आपोआप तयार होत नाही, तो घडवावा लागतो.

दुसरी घटना कुणबी नोंदींची. २०२३ साली निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीने मराठवाड्यातील जुनी दप्तरे तपासण्याचे काम हाती घेतले. २ सप्टेंबर २०२५ रोजी राज्य सरकारने हैदराबाद गॅझेटियरसंबंधीचा शासन निर्णय काढला. आरक्षणाच्या प्रश्नावर कोणाची भूमिका कोणतीही असो, एक गोष्ट सर्वांना मान्य व्हावी. ज्या कागदांवर लाखो कुटुंबांचे भवितव्य अवलंबून असल्याचे सांगितले जात होते, ते कागद उर्दू, फारसी आणि मोडीत होते. ते स्वतः वाचून त्यांत काय आहे आणि काय नाही, हे वाचकाला सांगू शकणारे पत्रकार किती होते? नेत्यांची विधाने छापली गेली, प्रतिविधाने छापली गेली. दप्तर मात्र न उलगडताच राहिले. दोन समाजांत ताण निर्माण होण्याच्या काळात कागद वाचून सांगणारा एक शांत माणूस दहा भाषणांपेक्षा उपयोगी पडतो. सामाजिक ऐक्याची काळजी वाहणार्‍यांनी या उणिवेकडे दुर्लक्ष करणे परवडणारे नाही.

तिसरी घटना सप्टेंबर २०२५ च्या महापुराची. परंडा, भूम या एरवी दुष्काळी म्हणून ओळखल्या जाणार्‍या तालुक्यांत घरे, गोठे आणि उभी पिके पाण्याखाली गेली. सुटकेची दृश्ये देशभर पाहिली गेली. चार दिवसांनी कॅमेरे परतले. पण जमीन खरवडून गेलेल्या शेतकर्‍याचा पंचनामा झाला का, सातबार्‍यावर नाव असलेला भाऊ मुंबईत आणि शेत कसणारा गावात असेल तर मदत कोणाच्या खात्यात गेली, वाहून गेलेल्या मातीचे पुढे काय, हे प्रश्न कॅमेरे परतल्यानंतरचे आहेत.

जिल्ह्याला हा अनुभव नवा नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने लातूर आणि तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांतील गावे उद्ध्वस्त केली, तेव्हा जगभरचे वार्ताहर आले आणि गेले. जे थांबले त्यांनी काही उभे केले. ज्ञान प्रबोधिनीने लोहारा तालुक्यातील हराळी येथे उभी केलेली शाळा हे त्याचे उदाहरण. सेवेला जे लागू पडते, तेच बातमीलाही लागू पडते. थांबणार्‍याच्याच हातून काही घडते. थांबणारा बातमीदार हा त्या मातीतलाच असावा लागतो.

लहान म्हणजे दुय्यम नव्हे

महाराष्ट्रात वृत्तविद्येचे औपचारिक शिक्षण नवे नाही. पन्नासच्या दशकात नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयात त्याची सुरुवात झाली. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटच्या वास्तूत पुणे विद्यापीठाचा विभाग उभा राहिला. त्या विभागाचे मराठी नाव ‘संज्ञापन आणि वृत्तविद्या विभाग’ असे आहे. संज्ञापन हा शब्द अर्थपूर्ण आहे. सम्यक रीतीने जाणवून देणे, नीट समजेल असे कळवणे, हा त्याचा भाव. केवळ ‘पोहोचवणे’ म्हणजे संज्ञापन नव्हे. आज पोहोचवण्याची साधने प्रत्येकाच्या खिशात आहेत, समजावून देणारे मात्र दुर्मीळ झाले आहेत.

धाराशिवच्या शेजारीच सोलापूरचे उदाहरण आहे. १ ऑगस्ट २००४ रोजी स्थापन झालेले आणि २०१९ पासून पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांचे नाव धारण करणारे हे विद्यापीठ केवळ एका जिल्ह्यापुरते आहे. एका जिल्ह्याचे विद्यापीठ ते काय चालणार, अशी शंका त्या वेळी घेतली गेली होती. त्याच विद्यापीठात आज जनसंज्ञापनाचा विभाग आहे. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठातही माध्यमशास्त्र संकुल आहे. धाराशिवला डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचे उपकेंद्र २००४ पासून आहे. त्याचे स्वतंत्र विद्यापीठात रूपांतर व्हावे, ही मागणी जिल्ह्यात वेळोवेळी होत आली आहे. ती मान्य होईल तेव्हा होईल. परंतु उपकेंद्र काय किंवा भावी विद्यापीठ काय, त्यात वृत्तविद्येला स्थान असावे, ही मागणी त्याहून लहान आणि त्याहून सहजसाध्य आहे.

शिक्षणसंस्था मोठ्या शहरातच असावी, हा समज जिल्ह्याने एकदा खोटा ठरवलेला आहे. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने ग्रामीण विकासाच्या अभ्यासासाठी तुळजापूरची निवड केली. देशाच्या कानाकोपर्‍यातून विद्यार्थी आई भवानीच्या गावात येऊन ग्रामीण भारत समजून घेतात. बाहेरच्यांना जर हा जिल्हा अभ्यासण्याजोगा वाटतो, तर जिल्ह्यातील मुलांनाच तो अभ्यासण्यासाठी दोनशे-अडीचशे किलोमीटर दूर का जावे लागावे?

लहान विभागाचे काही लाभ मोठ्या विभागाला कधीच मिळू शकत नाहीत. वर्गात वीस विद्यार्थी असतील, तर प्रत्येकाची बातमी शिक्षक ओळ न् ओळ तपासू शकतो. जिल्हा परिषद, न्यायालय, बाजार समिती, जिल्हा रुग्णालय सारे काही जवळ असते. मोठ्या शहरातील विद्यार्थी महापालिकेच्या सभागृहात गर्दीतील एक असतो. तालुक्याच्या गावातील विद्यार्थ्याला तहसीलदार नावाने ओळखतो. ही ओळख जशी उपयोगी, तशी धोक्याचीही आहे. ज्याच्याशी रोज चहा घ्यायचा, त्याच्याविरुद्ध लिहायचे कसे, हा लहान गावातील पत्रकारितेचा खरा नैतिक प्रश्न आहे आणि तो सोडवण्याचे शिक्षण लहान गावातच मिळू शकते.

आक्षेपांना उत्तर

या विचारावर घेतले जाणारे आक्षेप खोटे नाहीत, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे.

पहिला आक्षेप नोकरीचा. जिल्हा पातळीवरील बातमीदाराला मिळणारे मानधन इतके तुटपुंजे असते की, त्यावर घर चालत नाही. अनेक ठिकाणी त्याच्याकडून जाहिराती आणण्याची अपेक्षा असते आणि जाहिरातीवरील दलाली हेच त्याचे उत्पन्न ठरते. ज्या पुढार्‍याच्या वाढदिवसाची जाहिरात मागायला सकाळी जायचे, त्याच्याच संस्थेतील गैरव्यवहार संध्याकाळी कसा लिहिणार? २००९ च्या निवडणुकांनंतर पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांचा प्रश्न देशभर गाजला. भारतीय वृत्तपत्र परिषदेने त्यावर समिती नेमली. त्या चर्चेत महाराष्ट्राचे आणि मराठवाड्याचे नाव अग्रभागी होते, हे विसरून चालणार नाही. या रोगावर एकटे विद्यापीठ औषध देऊ शकत नाही, हे खरे. परंतु जाहिरात आणि बातमी यांतील सीमारेषा कोणती, हे ज्याला कधी शिकवलेच गेले नाही, त्याच्याकडून ती पाळण्याची अपेक्षा तरी कशी करावी?

शिवाय वृत्तविद्या शिकलेला प्रत्येक जण वृत्तपत्रातच जाईल, असेही नाही. सहकारी संस्था, रुग्णालये, कृषी विज्ञान केंद्रे, स्वयंसेवी संस्था, देवस्थाने, शासकीय योजना या सर्वांना नेमके आणि शुद्ध मराठीत लिहिणारी माणसे हवी आहेत. धाराशिवला आकाशवाणीचे केंद्र आहे. शैक्षणिक संस्थांना सामुदायिक नभोवाणी चालवण्याची मुभा देशात २००२ पासून आहे. पेरणीचा सल्ला, धरणातील पाणीसाठा, बाजारभाव, विम्याची मुदत हे सारे आपल्या बोलीतून सांगणारी लहानशी नभोवाणी हा विद्यार्थ्यांचा अभ्यासवर्ग आणि शेतकर्‍याची सोय दोन्ही ठरू शकेल.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. लहान विद्यापीठांत विभाग उघडले जातात, पण पूर्णवेळ प्राध्यापक नेमले जात नाहीत. तासिका तत्त्वावरील शिक्षकांच्या खांद्यावर सारा भार टाकला जातो. ग्रंथालयात जुनी पाठ्यपुस्तके आणि संगणक कक्षाला कुलूप, अशी स्थिती असेल, तर तो विभाग पदवी छापण्याचा छापखाना होतो. असा विभाग सुरू करण्यापेक्षा न केलेला बरा. म्हणून मागणी करायची ती फलकाची नव्हे, तर शिक्षकांची करावी. दोन पूर्णवेळ प्राध्यापक, जिल्ह्यातील अनुभवी संपादकांचे नियमित अध्यापन आणि विद्यार्थ्यांनी चालवलेले एक पाक्षिक, एवढ्यानेही चांगला आरंभ होऊ शकतो.

अभ्यासक्रम जिल्ह्याच्या मातीतून यावा

पुण्याचा किंवा दिल्लीचा अभ्यासक्रम उचलून येथे राबवण्यात अर्थ नाही. वृत्तपत्रांचा इतिहास, भाषा, संपादन, कायदा हे विषय सर्वत्र समान असतील. पण येथील विद्यार्थ्याला सातबारा आणि फेरफार वाचता आला पाहिजे. पैसेवारी कशी ठरते, आणेवारी हा जुना शब्द कोठून आला, जिल्हा नियोजन समितीचा निधी कसा खर्च होतो, कृष्णा-मराठवाडा सिंचन प्रकल्पाचे पाणी कोणत्या टप्प्यावर आहे, हे त्याला कळले पाहिजे. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखालील अर्ज त्याने विद्यार्थिदशेतच करून पाहावा आणि अपिलाची पायरीही अनुभवावी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेची कलमे त्याला ठाऊक असावीत. १८६७ च्या जुन्या कायद्याची जागा घेणार्‍या २०२३ च्या नियतकालिक नोंदणी कायद्याने काय बदलले, हेही.

मोडी लिपीचा एक सत्राचा अभ्यासक्रम या जिल्ह्यात अनिवार्य असावा आणि उर्दू वाचनाची सोय ऐच्छिक असावी. निजामी राजवटीने ही भाषा लादली, म्हणून तिच्याकडे पाठ फिरवण्यात शहाणपणा नाही. ज्या कागदांत आपल्या पूर्वजांच्या जमिनी, वतने आणि जाती नोंदल्या आहेत, ते कागद वाचण्यासाठी दुसर्‍यावर अवलंबून राहणे हेच खरे पारतंत्र्य होय.

आणि मराठी भाषेचे काय? जानेवारी २०२० मध्ये ९३ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन याच शहरात संत गोरोबाकाकांच्या नावाने उभारलेल्या नगरीत भरले. ३ दिवस सारा महाराष्ट्र येथे होता. संमेलने येतात आणि जातात. भाषा जगते ती रोजच्या वापराने. जिल्ह्यात दररोज सर्वाधिक वाचले जाणारे मराठी गद्य कोणते असेल, तर ते बातमीचे. ते शुद्ध, नेमके आणि सभ्य असावे, यासाठी केलेला खर्च हा भाषेवरचाच खर्च आहे.

२०२३ साली शहराला आणि जिल्ह्याला धाराशिव हे आपले मूळ नाव पुन्हा मिळाले. निजामाने दिलेली खूण पुसली गेली, याचा आनंद जनतेने मनापासून साजरा केला. परंतु नाव परत मिळवणे हे स्वत्वाचे पहिले पाऊल झाले. आपली सुखदुःखे, आपले प्रश्न आणि आपला इतिहास आपणच नीट समजून घेऊन जगाला सांगणे, हे पुढचे पाऊल. २०१८ साली केंद्र सरकारने देशातील आकांक्षित जिल्ह्यांची यादी केली. महाराष्ट्रातील ज्या ४ जिल्ह्यांचा तीत समावेश झाला, त्यांत हा जिल्हा होता. जिल्ह्याची आकांक्षा जिल्ह्याच्याच शब्दांत व्यक्त व्हायची असेल, तर ते शब्द घडवणारी शाळा जिल्ह्यात हवी.

याच जिल्ह्यातील तेर हे संत गोरोबाकाकांचे गाव. तेथे जमलेल्या संतमंडळींत कोणते मडके पक्के आणि कोणते कच्चे हे पाहण्यासाठी गोरोबाकाकांनी आपले थापटणे हाती घेऊन प्रत्येकाच्या मस्तकावर मारून पाहिले, अशी कथा वारकरी परंपरेत सांगितली जाते. नामदेवांनी तक्रार केली आणि ते कच्चे ठरले. ही कथा बहुतेकदा येथेच थांबवली जाते. पण तिचा उत्तरार्ध अधिक महत्त्वाचा आहे. कच्चे ठरलेले नामदेव रुसून बसले नाहीत. ते औंढ्या नागनाथला विसोबा खेचरांकडे गेले, शिष्य झाले आणि पक्के होऊन परतले.

बातमीचेही तसेच आहे. हाती आलेले प्रत्येक मडके थापटून पाहावे लागते. जो आवाज कच्चा येईल, ते बाजारात मांडायचे नसते. आजच्या तरुण बातमीदाराला कच्चा म्हणून हिणवणे सोपे आहे. मात्र नामदेवांना औंढ्याची वाट मोकळी होती आणि गुरूही मराठवाड्यातच भेटला. भूम-परंड्याच्या, लोहारा-उमरग्याच्या मुलामुलींसाठी तशी वाट कोठे आहे, याचे उत्तर विद्यापीठाने, शासनाने आणि समाजानेही द्यायचे आहे.